पहारीचा ठोका

पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड होत गेलं की ते पुन्हा हलकं होऊ लागतं, आणि गोठलं की इतकं हलकं होतं की पाण्यावरच तरंगतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि परीक्षेनंतर सोडून दिलेलं असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र डिसेंबरपासून मार्चपर्यंत माणसं या एका वाक्यावर उभी असतात. त्यावरून चालतात, त्यावर गाड्या नेतात, खोपटी उभारून आत शेगडी पेटवतात, भोक पाडतात आणि खाली गळ सोडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळ्याचा वरचा थर गार होऊन जड होतो आणि खाली बसतो. खालचं पाणी वर येतं. वाऱ्याच्या साथीनं ही घुसळण काही आठवडे चालते. उन्हाळाभर तळाशी कोंडलेल्या पाण्याला या दिवसांत पुन्हा प्राणवायू मिळतो. सगळं तळं चार अंशांच्या आसपास आलं की ही उलथापालथ मंदावते, कारण त्यापुढे गार होणारं पाणी हलकं असल्यामुळे वरच राहतं. मग एखादी वारा पडलेली, कडाक्याच्या थंडीची रात्र येते आणि सकाळी तळ्यावर पारदर्शक कवच धरलेलं असतं. वर उणे वीस, उणे पंचवीस. खाली तळाशी तेच चार अंश, आणि त्यात हळूहळू कल्ले हलवणारे मासे. बर्फ पाण्याहून जड असता तर तो तळाशी साचत गेला असता आणि उत्तरेकडच्या तळ्यांतलं जिणंच संपलं असतं. मला याचं अजूनही नवल वाटतं. कितीदा बर्फावर गेलो तरी ते कमी झालेलं नाही.

या राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. बहुतेक सगळी हिमनद्यांनी मागे ठेवलेली. त्यामुळे इथल्या माणसाला तळं म्हणजे सहलीला जायची जागा वाटत नाही. ते घराच्या मागे असतं, शाळेच्या वाटेवर असतं, आणि वर्षातला तिसरा हिस्सा ते जमीन होऊन राहतं.

माझं आजोळ मालवणजवळच्या खाडीकाठचं. गरी, तंगूस, शिसं, आमिष हे शब्द मला शाळेच्या आधी आले. भरतीच्या वेळी धक्क्यावर पाय सोडून बसलेली आणि बोटावर तंगूस धरून पाण्याचा अंदाज घेणारी माणसं मी लहानपणी खूप पाहिली. सेंट पॉलला राहायला आलो तेव्हा शेजारी एक निवृत्त सुतार राहत होते, सत्तरीपुढचे. माशांवरून आमचं जमलं. पण पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या हातात गळ दिलाच नाही. पहार दिली.

टोकाला छिन्नीसारखी धार असलेली, छातीएवढी उंच लोखंडी पहार. ती पुढे करायची, पाऊल टाकायच्या आधी समोर दोन-तीन वेळा जोरात ठोकायची, मग पाऊल. पुन्हा ठोका, पुन्हा पाऊल. काठापासून जिथे बसायचं तिथपर्यंत असंच. एका घावात पहार आरपार गेली किंवा घावाच्या खड्ड्यात पाणी चढलं, तर उभं राहून विचार करायचा नाही. आलेल्या पावलांवरून पाय घासत परत फिरायचं. ‘पायाखाली काय आहे ते पहार सांगेल,’ ते म्हणाले होते, ‘मी सांगतो म्हणून पाऊल टाकू नकोस.’ ज्या माणसाचा जन्म तळ्याकाठी गेला त्यानं असं म्हणावं, याचा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला.

बर्फ एकसारखा नसतो. वारा नसताना पहिल्यांदा धरलेला बर्फ स्वच्छ असतो, इतका की त्यातून खालचं काळं पाणी दिसतं. सगळ्यांत मजबूत तोच. त्यावर बर्फवृष्टी झाली, ओझ्यानं थर खाली दबला, भेगांतून पाणी वर आलं आणि भुसभुशीत बर्फात मिसळून गोठलं की पांढरा बर्फ तयार होतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि त्याची ताकद निम्मीच धरायची. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागानं घालून दिलेली मापं इथे पोराटोरांना पाठ असतात: चार इंचांखाली पाऊल ठेवायचं नाही, चार इंच नवा, स्वच्छ बर्फ असेल तर एका माणसानं चालावं, पाच ते सात इंचांवर स्नोमोबील, नऊ-दहा इंचांवर छोटी मोटार, मध्यम आकाराच्या ट्रकला तेरा इंच. पांढरा बर्फ असेल तर प्रत्येक आकडा दुप्पट. आणि या सगळ्याच्या वर तोच विभाग लिहून ठेवतो की कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो.

आकडे पाठ असूनही माणसं बुडतात, कारण एकाच तळ्यावर वीस पावलांच्या अंतरात जाडी बदलते. जिथे तळातून झरा येतो, जिथे ओढा मिळतो, दोन तळ्यांमधल्या अरुंद वाटेत जिथे पाणी वाहतं, तिथे बर्फ पातळ. लव्हाळ्यांच्या बेटाभोवती पातळ. बदकांच्या थव्यानं जी जागा उशिरापर्यंत मोकळी ठेवली होती ती काल रात्री गोठली असेल, तर तिथेही पातळ, आणि वरून बर्फाची भुकटी पडली की डोळ्यांना काही फरक दिसत नाही. ही भुकटी फसवी आहे. ती पांघरूण घालते, थंडी खाली जाऊ देत नाही, आणि बर्फाची वाढ रोखून धरते. शिवाय बर्फ जितका जाड तितका तो स्वतःच्याच वाढीच्या आड येतो, कारण पाण्यातली उष्णता त्याच थरातून बाहेर पडावी लागते. योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञानं १८९१ मध्ये हा हिशेब मांडून ठेवला आहे. पहिले चार इंच भराभर धरतात. पुढचा प्रत्येक इंच अधिक थंडी मागतो.

गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे असतात, लाकडी मुठीचे. बर्फ फुटून माणूस पाण्यात गेला तर ओल्या, गुळगुळीत कडेवर हात ठरत नाहीत. तेव्हा टोचे रोवून वर सरकायचं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतःला थंड पाण्यात बुडवून घेऊन या प्रकाराचा अभ्यास केला. त्यांचं सूत्र मला फार महत्त्वाचं वाटतं: पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीनं शुद्ध हरपायला सुमारे एक तास असतो. म्हणजे पाण्यात पडताच थंडीनं जीव जात नाही. पहिल्या मिनिटात धाप लागून पाणी नाकातोंडात जातं म्हणून जातो. तेवढं मिनिट डोकं वर ठेवलं तर वेळ आहे. ज्या दिशेनं आलो तिकडेच तोंड वळवायचं, कारण त्या बर्फानं आपलं वजन पेललेलं असतं. पाय मागे झाडून अंग पाण्यावर आडवं करायचं, टोचे रोवायचे, पोटावर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. हे शेजाऱ्यांनी मला त्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर आडवं पाडून करून घेतलं. नंतर मी माझ्या मुलीकडून करून घेतलं.

बर्फाचा आवाज मात्र सांगून समजत नाही. पहिल्यांदा ऐकणारा माणूस काठाकडे धावतो. रात्री तापमान उतरलं की बर्फ आकसतो आणि तडकतो. दिवसा उन्हानं फुगतो आणि जागा न मिळाल्यानं मैलभर लांबीचा वरंबा उभा करतो. तडा दूर कुठेतरी जातो आणि त्याचा आवाज सबंध पत्र्यातून प्रवास करत येतो. या प्रवासात उंच स्वर पुढे धावतात आणि खालचे मागे पडतात, त्यामुळे कानावर आधी तीक्ष्ण शीळ येते, मग ती घसरत घसरत खोल गुरगुरीत उतरते. पायाच्या तळव्यांना ती आधी कळते असंही कधी वाटतं. शेजारी म्हणायचे, थंडीच्या रात्री बर्फ बोलतो तो वाढत असतो म्हणून. वसंतात कुजलेला बर्फ गप्प असतो, त्याला भ्यावं. मार्चअखेरचा बर्फ बारा इंच जाड असला तरी उन्हानं त्याचे उभे स्फटिक सुटे झालेले असतात, आणि ते एकमेकांना धरून ठेवत नाहीत. म्हणून कायद्यानंच मार्चच्या ठरलेल्या सोमवारपर्यंत सगळी खोपटी तळ्यावरून हलवावी लागतात, दक्षिणेकडे आधी, उत्तरेकडे पंधरवड्यानं.

आता मासे. बर्फात भोक पाडायचं ते गिरमिटानं. हातानं फिरवायचं गिरमिट माझ्याकडे आहे. हल्ली बॅटरीवर चालणारी फार आली आहेत. भोकात साचलेला चुरा काढायला लांब दांड्याचा झारा, थेट स्वयंपाकघरातल्यासारखा. काठी जेमतेम दोन-अडीच फूट, कारण फेकायचं काही नसतंच, सरळ खाली सोडायचं. उन्हाळ्यात मिनेसोटात एका माणसाला एकच गळ टाकता येतो. बर्फावर दोन चालतात. एक हातात धरून हलवत राहायचा आणि दुसरा झेंडीवाल्या चौकटीवर लावून ठेवायचा. मासा लागला की त्या चौकटीवरची पट्टी सुटते आणि केशरी झेंडी उभी राहते. पांढऱ्या सपाट जगात ती दूरवरून दिसते, आणि पोरं ओरडत पळतात.

चार अंशांच्या पाण्यातला मासा उन्हाळ्यातला मासा नसतो. त्याच्या अंगाची उष्णता पाण्याएवढीच. पचन मंद, हालचाल मंद, भूक थोडी. आमिषाच्या मागे तो लांब धावत नाही. धावण्यात जितकी शक्ती जाईल तितकी त्या घासातून मिळणार नसेल तर त्याला तो सौदा परवडत नाही. म्हणून सगळं लहान आणि हळू करावं लागतं: नखाएवढा गळ, त्यावर मेणकिड्याची एक अळी, केसाएवढा तंगूस. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाची ही अळी इथल्या आमिषाच्या दुकानात लाकडाच्या भुशात ठेवून विकतात. खिशात आतल्या बाजूला, अंगाच्या ऊबेला ठेवावी लागते, नाहीतर गोठते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बर्फावरची मासेमारी म्हणजे लाकडी खोपट्यात एका भोकापाशी बसून राहणं होतं. मिनेसोटाच्याच डेव्ह जेन्झ यांनी ती पद्धत बदलली. ओढगाडीवर बसवलेला, क्षणात डोक्यावरून ओढून घेता येईल असा तंबू त्यांनी केला, आणि मासा येईल म्हणून बसू नका, अनेक भोकं पाडा, मासा शोधत फिरा, असा धडा घालून दिला. त्याच्या जोडीला ध्वनिलहरींचं यंत्र आलं. ते गोल तबकडीवर रंगीत रेघांनी तळ दाखवतं, आपला गळ दाखवतं आणि मधे कोणी आलं तर तेही दाखवतं.

या यंत्राबद्दल माझं मत पुष्कळ काळ डळमळीत होतं. आजोळच्या माणसांनी बोटानं जे ओळखलं ते डोळ्यांसमोर दिव्यांत मांडून घेणं मला पटत नव्हतं. पण त्यानं मला एक गोष्ट शिकवली जी दुसऱ्या कशानं शिकवली नसती. यंत्राशिवाय तासभर काही लागलं नाही तर आपण म्हणतो, इथे मासे नाहीत. यंत्र लावलं की दिसतं, मासे येत असतात. तळाशी हिरवी रेघ उमटते, वर चढते, जाड होते, लाल होते, म्हणजे मासा अगदी आपल्या भोकाखाली येऊन आमिषाकडे पाहत असतो, आणि मग ती रेघ पुन्हा तळाकडे उतरून विरते. त्यानं पाहिलं आणि नको म्हटलं. आपण जोरात हिसका दिला म्हणून, किंवा फार स्थिर राहिलो म्हणून, किंवा आपल्याला कधीच कळणार नाही अशा कारणानं. त्याला घ्यायला लावायचं तर आमिष त्याच्यापासून सावकाश वर न्यावं लागतं, पळणाऱ्या जिवासारखं, पण इतक्या हळू की त्याला वाटावं, हे मला जमेल. बहुतेक नकारच पदरी पडतात. पण ते नकार दिसू लागले आणि तळं रिकामं वाटेनासं झालं.

प्रत्येक माशाचं वागणं वेगळं. वॉलाय हा इथला मानाचा मासा, १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा. त्याच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांत असतो तसा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. सूर्य मावळण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास त्याचा. दिवसा भरउन्हात पर्च मिळतो, पिवळा, हिरवे पट्टे असलेला, झुंडीनं फिरणारा. तळाच्या गाळात शिसं दोन-तीनदा आपटलं की उठलेल्या धुरळ्याकडे तो कुतूहलानं येतो. क्रॅपीचे डोळे वरच्या अंगाला असतात, तो आपल्या वरचंच खातो. खोल पाण्यात मधल्या थरात लटकलेल्या क्रॅपीच्या खाली गळ गेला की दिवस फुकट. ब्लूगिल तर ओढत नाही, नुसता आमिष ओठात घेऊन उभा राहतो. पाइक पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो. झेंडी उठवतो तो बहुतेक वेळा हाच.

आणि बर्बट. कॉड माशांच्या कुळातला गोड्या पाण्यात राहणारा हा एकटाच. वामासारखा लांबट, हनुवटीखाली एक मिशी, चिकट अंग. बाकीचे मासे थंडीत मंदावतात तेव्हा हा जागा होतो. भर हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्री, गोळ्यानं एकमेकांना विळखे घालून अंडी घालतो. वर्षानुवर्षं इथले लोक त्याला कुरूप म्हणून बर्फावर फेकून द्यायचे, गरुड-कावळ्यांना. मला हे पाहवत नसे. त्याचं मांस पांढरंशुभ्र, घट्ट, बिनकाट्याचं म्हणावं इतकं. आमच्या घरी तो तिरफळ घालून होतो, आणि वॉलायला आमसुलाचं आगळ, हळद, तिखट लावून रव्यात तळतो. शेजाऱ्यांच्या बायकोनं पहिल्यांदा चव घेतली त्या रात्रीपासून त्यांच्या घरी बर्बट फेकला गेला नाही.

या सगळ्याहून जुनी एक रीत आहे आणि माझ्या मते तीच या मासेमारीचा गाभा आहे. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक या तळ्यांवर गोऱ्या वसाहतींच्या कितीतरी आधीपासून बर्फातून मासे मारत आले. भोकाशी पालथं पडायचं, डोक्यावरून चामडं किंवा घोंगडी ओढून घ्यायची म्हणजे वरचा उजेड बंद होतो, एका हातानं लाकडाचा कोरलेला मासा दोरीनं पाण्यात फिरवायचा आणि दुसऱ्या हातात भाला. तो लाकडी मासा शिसं घालून तोललेला असतो, शेपटीला असा बाक दिलेला असतो की दोरीला हलकी ओढ दिली तरी तो गोल फेरी मारतो. खरा पाइक त्याच्या समाचाराला येतो. आजही मिनेसोटात बिनखिडकीच्या काळ्या खोपट्यात बसून भाल्यानं पाइक मारायला परवानगी आहे.

मी एकदा अशा खोपट्यात बसलो, भाला न घेता. आत शिरून दार लावलं की पूर्ण अंधार होतो, आणि मग पायाशी कापलेला तो मोठा चौकोन हळूहळू उजळू लागतो. उजेड खालून येतो. बाहेरचं ऊन आसपासच्या बर्फातून गाळून पाण्यात उतरलेलं असतं आणि पाणी तो हिरवट प्रकाश वर देतं. बारा फुटांवरचा तळ स्वच्छ दिसत होता: शिंपले, एक बुडालेली फांदी, अजून हिरवी असलेली पाणवनस्पती. लाकडी मासा फेऱ्या मारत होता. पाइक आला तो कुठून आला ते दिसलं नाही. तो नव्हता आणि मग होता. कल्ल्यांखेरीज काही हलत नव्हतं. ज्यांनी मला नेलं होतं त्यांनी भाला उचलला नाही. मादी होती, मोठी, अंड्यांवर आलेली. आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो तितका वेळ ती लाकडाच्या माशाकडे पाहत होती.

याच लोकांना याच तळ्यांवर आपल्या रीतीनं मासे मारण्याचा हक्क न्यायालयात जाऊन सिद्ध करावा लागला. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकी सरकारला जमीन दिली, पण शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला होता. राज्यानं तो पुढे मानला नाही. मिल लॅक्स तळ्याकाठच्या ओजिब्वेंचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मिल लॅक्सवर आज माझ्यासारखा परका माणूस परवाना काढून सहज जाऊन बसतो. तिथे बसताना हा निकाल ठाऊक असलाच पाहिजे असं मला वाटतं.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर त्यालाही नियम आहेत, कागदावर नसले तरी. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी दाब कमी झाल्यानं फुगते. तो परत सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे इतक्या खोलात खाण्यापुरतंच धरायचं आणि तेवढे झाले की गळ गुंडाळायचा. उणे वीसात फोटोसाठी मासा बर्फावर ठेवला तर त्याचे कल्ले आणि डोळे क्षणांत गोठतात. पाण्यात सोडल्यावर तो पोहत जातो म्हणून आपण समाधान मानतो. तो जगला की नाही हे कोणी पाहायला जात नाही. आणि बर्फावर टाकलेला कचरा वसंतात तळाशी जातो.

हे सारं ज्या थंडीवर उभं आहे तीच आता भरवशाची राहिलेली नाही. जपानमधल्या सुवा तळ्याकाठच्या देवळातले पुजारी १४४३ पासून तळं कधी गोठलं आणि त्यावर बर्फाचा वरंबा कधी उमटला याची नोंद ठेवत आले आहेत. तो वरंबा म्हणजे देव तळं ओलांडून देवीच्या भेटीला गेल्याची खूण. अलीकडे कित्येक हिवाळे तो उमटतच नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जॉन मॅग्नसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धातल्या तळ्यांच्या आणि नद्यांच्या अशा जुन्या नोंदी एकत्र केल्या. १८४६ ते १९९५ या काळात पाणी गोठणं शंभर वर्षांना सुमारे सहा दिवस या वेगानं पुढे गेलं आणि बर्फ फुटणं साडेसहा दिवसांनी अलीकडे आलं, असं त्यांनी २००० मध्ये दाखवलं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. त्याच डिसेंबरच्या २९ तारखेला अप्पर रेड लेकवर बर्फाचा एक प्रचंड तुकडा काठापासून सुटला आणि शंभरहून अधिक मासेमार त्यावर अडकले. सगळे वाचले.

शेजाऱ्यांचे वडील तारखेवर जात. नाताळात तळ्यावर गाडी न्यायची हा त्यांच्या घरातला ठरलेला रिवाज होता. शेजाऱ्यांनी स्वतः तारखा सोडून दिल्या. गेल्या काही वर्षांत मी त्यांना काठापर्यंत जाऊन, दोन ठोके मारून, सामान पुन्हा गाडीत भरताना पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे ते निराशेपेक्षा दुःखाच्या जवळचं होतं. वडिलांकडून मिळालेलं ज्ञान खोटं ठरत नव्हतं. ते ज्या हिवाळ्यांचं होतं ते हिवाळे जात होते. उथळ तळ्यांतले, थंड पाण्याशिवाय न जगणारे टुलिबीसारखे मासे कडक उन्हाळ्यांत मरू लागले आहेत, तेही त्यांनीच मला काठावर दाखवलं. पहार मात्र कोणत्याही वर्षात खरंच सांगते, कारण ती फक्त आजचं आणि इथलं सांगते.

म्हणून एक विनंती करतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ या भागांत दर वर्षी मराठी मुलंमुली शिकायला, कामाला येतात. नाताळच्या सुटीत त्यांचे आईवडील येतात. गोठलेलं तळं आयुष्यात पहिल्यांदा समोर येतं आणि त्यावर उभं राहून फोटो काढावासा वाटतो. २६ डिसेंबर २०२२ रोजी अ‍ॅरिझोनातल्या वुड्स कॅनियन तळ्यावर चालताना बर्फ फुटून तिघांचा जीव गेला. तिघंही मूळचे भारतातले होते. कोणाच्या तरी पावलांचे ठसे आत गेलेले दिसतात म्हणून त्यांच्या मागे जाऊ नका. ते ठसे कालचे असतात, आणि परतीचे आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही. जायचं असेल तर जरूर जा, मी तर म्हणेन एकदा जाच. आधी तिथल्या आमिषाच्या दुकानात विचारा, ती माणसं मनापासून सांगतात. एकट्यानं जाऊ नका. गळ्यात टोचे घाला, हातात पहार घ्या, आणि चार इंच स्वच्छ बर्फ स्वतः मोजल्याशिवाय काठ सोडू नका.